नासलेलं रीळ

१

डब्याचं झाकण निघालं आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम तोंडं फिरवली.

आत चित्रपटाचं रीळ असायला हवं होतं. त्याऐवजी वितळलेल्या डिंकासारखा तपकिरी, चिकट लगदा होता. वर फेस आला होता, कडेला कोरडी तांबूस भुकटी साचली होती. आठवडाभर बुटात राहिलेले मोजे कोणीतरी आंबवून नाकाखाली धरावेत, तसला वास येत होता. चित्रसंग्रहालयाचे संचालक दाराकडे धावले, पण दारापर्यंत पोचले नाहीत. भिंतीला हात टेकून तिथेच ओकले.

‘परतशील ना’ या मूकपटाचं ते शेवटचं रीळ होतं. युद्धावर गेलेला शिपाई आणि त्याची वाट पाहणारी परिचारिका यांची ती गोष्ट. लढाई संपल्यावर ती मैदानात प्रेतांमधून त्याला शोधते, शेवटी तो सापडतो, आणि ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडते. जुन्या काळी हा चित्रपट जेमतेम काही दिवस चालला आणि मग कंपनीने तो अचानक उचलला. ज्या थोड्या लोकांनी पाहिला, ते सगळे त्या रडण्याबद्दलच बोलत राहिले. असं रडणं पडद्यावर पुन्हा झालं नाही, म्हणायचे. जगात त्याची एकच प्रत उरली होती. दिग्दर्शकाच्या नातवाने ती घराच्या तळघरातून काढून संग्रहालयाला दिली होती. मोठा समारंभ करून ती दाखवायची ठरली होती.

आधीची सगळी रिळं पडद्यावर झकास चालली. शेवटचं रीळ नुसतं उघडून बघायचं होतं; त्याची नक्कलही काढलेली नव्हती. समारंभाआधी ते कोणी चालवायचं नाही, त्याची नक्कल करायची नाही, अशी नातवाची अटच होती. लोकांनी ते पहिल्यांदा एकत्र बसून पाहावं, असं त्याचं म्हणणं.

दुरुस्तीवालीकडे सगळ्यांचे डोळे वळले. जुन्या चित्रपटांचे फाटके तुकडे जोडणं, रिळं तपासणं हे तिचं काम. दाराच्या चौकटीला धरून ती उभी होती.

“मी गेल्या महिन्यात तपासलं तेव्हा ते ठणठणीत होतं,” ती म्हणाली.

संध्याकाळी हा सगळा प्रकार टीव्हीवर दिसला, कारण नातवाचा कॅमेरावाला तिथे हजर होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवालीला घरी बसायला सांगण्यात आलं.

२

पोलीस आले तर बोभाटा होईल म्हणून संचालकांनी आत्याबाईंना बोलावलं. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या या बाईंना खात्यात आत्याबाई म्हणत. वरिष्ठ म्हणत, हाताखालचे म्हणत, आणि सुटून गेलेले चोरही रस्त्यात भेटले की आत्याबाई म्हणूनच नमस्कार करत. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, भाऊ-वहिनींकडे राहत. आयुष्यभर घाणीत हात घालूनही त्यांना घाणीची सवय झाली नव्हती. त्यांना सगळ्याची किळस यायची. चहावर साय आली तरी कप बाजूला सरकवायच्या.

“निष्काळजीपणा,” संचालक म्हणाले. “तुम्ही तेवढा अहवाल द्या. ती मुलगी हुशार आहे हो, पण तापट. रीळ वेळच्या वेळी बघितलं असतं, तिने मला आधी कळवलं असतं, तर आज...”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” आत्याबाई म्हणाल्या. “डबा दाखवा.”

डबा अंगणात झाकून ठेवला होता. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला, झाकण उचललं, आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग त्या दुरुस्तीवालीच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर होतं. तिची आई भाजी निवडत बसली होती आणि लेकीवर चिडलेली होती, कारण लेक जेवली नव्हती.

“मला एक सांग,” आत्याबाई खुर्ची ओढून बसल्या. “असं रीळ नासतं तेव्हा त्याच्या डब्याचं काय होतं?”

“डबा खाऊन टाकतं. तो लगदा तेजाबासारखा असतो. आधी आतून गंज धरतो, मग पत्र्याला भोकं पडतात. हाताला लागला तर पिवळा डाग पडतो. साबणाने जात नाही, कातडी निघेपर्यंत राहतो.”

“आणि नासायला किती दिवस लागतात?”

“दिवस?” ती हसली, पण कडवटपणे. “वर्षं लागतात, आत्याबाई. आधी रंग उडतो, मग चिकटतं, मग फेस, मग भुकटी. मी तेच सांगतेय सगळ्यांना. कोण ऐकतंय.”

“डबा आतून नवा कोरा आहे. बुडाशी लगदा आहे, पण पत्रा चकचकीत. त्या दिवशी तू नाही बघितलास?”

“वासाने डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आणि सगळे माझ्याकडे बघत होते.” मग तिची मान हळूहळू वर आली. “म्हणजे ते रीळ या डब्यात नासलेलंच नाही. कोणीतरी दुसरंच कुजलेलं रीळ आणून त्यात ओतलंय.”

“ओतलंय,” आत्याबाई म्हणाल्या. “तर मग खरं रीळ कोणाकडे आहे, ते बघायला हवं. आणि लोक म्हणतील, तुझ्याकडे.”

३

लोकांच्या म्हणण्याला आधार होता. दुरुस्तीवालीचं आणि नातवाचं भांडण सगळ्या कचेरीने ऐकलं होतं. ‘हे रीळ दाखवायला माझा हात धजत नाही,’ असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली होती.

“का म्हणालीस?” आत्याबाईंनी विचारलं.

तिने आईकडे पाहिलं. आई भाजीची परात घेऊन आत गेली.

“मी तपासताना रीळ हाताने फिरवलं. काचेखाली थोडीच चित्रं बघितली. मैदानात प्रेतं पडलेली आहेत. पडून राहणारे नट असतात ना, तसे वाटले आधी. एकाच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली. चालली, बुबुळावरून. मी चित्रामागून चित्र सरकवलं. पापणी हलली नाही.”

आत्याबाईंनी पाणी मागितलं.

“खरी प्रेतं,” दुरुस्तीवाली म्हणाली. “तेव्हा युद्ध चालूच होतं. कोणाची तरी मुलं मैदानातून उचलून आणली आणि प्रेमकथेत मांडून ठेवली. मी नातवाला सांगितलं. तो म्हणाला, याला वास्तववाद म्हणतात.”

“तू रीळ चोरलंस का?”

“चोरलं असतं, तर तुम्हाला माशीचं सांगितलं नसतं.”

“हुशार चोर सांगतात,” आत्याबाई उठल्या. “पण तुझ्याकडे कुजलेलं रीळ कुठून येणार? संग्रहालयातली कुजकी रिळं कुठे असतात?”

“पेट घेऊ नयेत म्हणून पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतो. अंगणात.”

डब्यातल्या लगद्याच्या कडेला कोरडी भुकटी होती, ती आत्याबाईंनी स्वतः पाहिली होती. पिंपातलं रीळ निथळत असतं. म्हणजे लगदा बाहेरून आला होता.

तिथून त्या नायिकेच्या मुलीकडे गेल्या. ही मुलगी आता ऐंशीच्या पुढे होती. समारंभाची ती मुख्य पाहुणी. तिने दार उघडलं, आत्याबाईंना बसवलं, आणि रिळाचं कळल्यावर म्हणाली, “नासलं ना? बरं झालं.”

“आईचा चित्रपट बघायचा नव्हता तुम्हाला?”

“आईला तो नको होता. त्याच्यानंतर तिने कधी तोंडाला रंग लावला नाही. कोणी घरी येऊन म्हणालं, काय रडलात हो तुम्ही, तर उठून आत जायची. एकदा एका पाहुण्याच्या अंगावर तिने गरम चहाचा कप फेकला. मी लहान होते, मला त्याची लाज वाटली होती.”

“मग समारंभाला कशाला निघालात?”

“तो नातू तीनदा आला. पाया पडला. म्हणाला, तुमच्याशिवाय अर्थ नाही.” म्हातारीने ओठ मुरडले. “फार गोड बोलतो. मला गोडाचं पथ्य आहे.”

आत्याबाईंना हसू आलं. भिंतीवर दोन फोटो होते. एकात नायिका, दुसऱ्यात गणवेशातला एक पोरगेला तरुण.

“हे वडील?”

“मामा. युद्धात बेपत्ता झाला. आजी मरेपर्यंत दाराला कडी लावत नसे, हा रात्री-अपरात्री आला तर. सगळं घर त्याची वाट बघायचं.” ती फोटोकडे वळली. “आई नाही. आईला मी कधी त्याची वाट बघताना पाहिलं नाही. आजी म्हणायची, दगडाच्या काळजाची आहे ही.”

आत्याबाईंनी फोटोकडे पुन्हा पाहिलं. आपल्या डोक्यात जे येतंय ते खरं नसावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, आणि त्याच्यावर साय नव्हती.

४

नातवाची कचेरी काचेची होती. भिंतींवर आजोबांची मोठमोठी छायाचित्रं. नातू पन्नाशीचा, देखणा, आवाज मऊ. हातांत पांढरे सुती मोजे. संग्रहालयात चित्रपट हाताळताना सगळेच तसे मोजे घालत.

“त्या मुलीवर माझा राग नाही,” तो म्हणाला. “पोटापाण्यासाठी नोकरी करणारी माणसं. कलेची काळजी त्यांनी किती घ्यायची.”

“आजोबांचे बाकीचे चित्रपट कुठे आहेत?”

“गेले सगळे. तळघरात होते. नासले.”

“टाकून दिले?”

“कधीच.”

कॉफी आली. त्याने मोज्यांसकट कप उचलला. एक थेंब पांढऱ्या बोटावर सांडला तरी त्याने मोजा काढला नाही.

“घरातसुद्धा मोजे?”

“सवय झालीय. या चित्रपटाला हात लावायचा, तर हात पवित्र हवेत.”

चित्रपट तिथे नव्हता. आत्याबाईंनी विषय बदलला. “तुमचा हा चित्रपट तेव्हा इतक्या लवकर का उचलला?”

“लोकांना सोसला नाही. एका गावी म्हणे एक बाई चित्रपट सुरू असताना किंचाळत उठली आणि पडद्याला जाऊन भिडली. इतका प्रभाव. आजोबा फार अभिमानाने सांगायचे.” त्याने टेबलावरचं समारंभाचं पत्रक पुढे सरकवलं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: अभिनय नव्हे, अश्रू.

“अभिनय नव्हे म्हणजे?”

“जाहिरातीची भाषा,” नातू हसला. “आता तर काय, शेवटच्या रिळाशिवायच दाखवणार. टीव्हीवर बातमी आल्यापासून एक खुर्ची शिल्लक नाही. लोक म्हणतायत, काहीतरी चमत्कार व्हावा.”

आत्याबाई जिना उतरल्या तेव्हा त्यांचा जीव कोंदला होता. या माणसाच्या खोलीत अत्तराचा दरवळ होता, आणि अत्तराच्या खाली काहीतरी आंबट होतं. पण वासावरून कोणाला पकडता येत नाही. शिवाय रिळं ठेवायच्या थंडगार साठवणखोलीची किल्ली संचालकांकडे, आणि संचालक म्हणत होते की माझ्याशिवाय तिथे कोणी गेलंच नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी टीव्हीसमोर शेंगा सोलत बसल्या होत्या. डबा उघडण्याचं ते चित्रण वाहिनीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. आत्याबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. म्हणजे वाचत नव्हत्या, धरून बसल्या होत्या.

“मेला आधीपासून सर्दीने बेजार दिसतो,” वहिनी म्हणाल्या.

“कोण?”

“हा गोरा. अजून झाकण निघालं नाही तर याचा रुमाल नाकाला.”

आत्याबाईंनी वर्तमानपत्र टाकलं. बातमी संपली होती. पुढच्या तासाला पुन्हा लागेपर्यंत त्या खोलीत येरझारा घालत राहिल्या. वहिनी म्हणाल्या, बस की गं, पाय मोडतील. मग बातमी लागली.

संचालक उत्सुकतेने पुढे वाकलेले. दुरुस्तीवाली दारात. सगळ्यांचे चेहरे निवांत. आणि नातू रुमाल नाकाला लावून उभा. त्यानंतर झाकण निघाल्याचा आवाज, आणि त्यानंतर बाकीच्यांची तोंडं वाकडी झाली.

“वहिनी, तुझ्या तोंडात साखर पडो.”

“मला मधुमेह आहे,” वहिनी म्हणाल्या.

पण आत्याबाईंचं लक्ष अजून पडद्यावर होतं. त्यांना दुसरं काहीतरी खटकत होतं, आणि ते काय, हे कळायला त्यांना ते चित्रण तिसऱ्यांदा बघावं लागलं. सगळ्या चित्रणात डबा कुठेच नव्हता. नुसते चेहरे होते. जगातलं एकमेव रीळ डब्यातून निघतंय, आणि कॅमेरा रिळाकडे पाठ करून माणसांची तोंडं टिपतोय.

त्यांनी कॅमेरावाल्याला गाठलं. तो चहाच्या टपरीवर उभा होता आणि स्वतःवरच वैतागलेला होता.

“मला साहेबांनी सांगितलं होतं, डबा नको, चेहरे घे. मी म्हटलं, अहो पण डबा? तर म्हणाले, डब्यात काय आहे, चेहऱ्यांत आहे.”

“समारंभात काय घ्यायला सांगितलंय?”

त्याने कप खाली ठेवला. “तेही चेहरेच. म्हणजे, एकच चेहरा.”

“कोणाचा?”

“पहिल्या रांगेत मधली खुर्ची. म्हातारीचा.”

६

सभागृहात समारंभाची तयारी चालू होती. व्यासपीठावर मोठे दिवे लावून पारखत होते. आत्याबाई दुरुस्तीवालीला बरोबर घेऊन आत शिरल्या. संचालक तिला बघून पुढे धावले, पण आत्याबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं.

“साठवणखोलीत हा माणूस एकटा किती वेळ होता?”

संचालकांचा चेहरा पडला. “तसं नाही... त्यांना आजोबांच्या चित्रपटाजवळ जरा एकांत हवा होता. भावनेचा प्रश्न. एवढा मोठा देणगीदार माणूस, मी नाही कसं म्हणणार?”

“हातात काय होतं?”

“कॅमेऱ्याची पेटी,” संचालक पुटपुटले.

“आणि ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्या पोरीची नोकरी जात होती तरी.”

संचालक आपल्या बुटांकडे बघू लागले. आत्याबाईंना त्या बुटांचीही किळस आली.

पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर फुलांची वेणी बांधली होती. तिच्यासमोर, पडद्याकडे पाठ करून, तिपाईवर कॅमेरा उभा होता. नातू व्यासपीठावरून खाली आला. हातांत मोजे होतेच.

“मोजे काढा,” आत्याबाई म्हणाल्या.

“कशासाठी?”

“नखं पिवळी झालीत का बघायला. तुमच्या तळघरातलं कुजकं रीळ तुम्ही टाकलं नव्हतंत. ते पेटीतून आत नेलंत आणि चांगल्याच्या डब्यात रिकामं केलंत. पण तो डबा कोरा राहिला. वासाआधी रुमाल लावलात, तो तुमच्याच कॅमेऱ्याने टिपला. नुसतं रीळ लपवायला असा आटापिटा कोणी करत नाही. आधी रीळ गेल्याची बोंब, मग समारंभात चमत्कार. तो चमत्कार इथेच कुठेतरी आणून ठेवला असणार.”

नातवाची नजर क्षणभर व्यासपीठाखाली गेली. तिथे एक काळी पेटी होती, आणि तिच्यावर मोठ्या दिव्याचा झोत पडत होता.

दुरुस्तीवालीने ती नजर पाहिली.

“तो दिवा बंद करा,” ती म्हणाली. “कोणी धावू नका. आधी दिवा बंद करा.”

७

जुनं रीळ तापलं की बंदुकीच्या दारूसारखं पेट घेतं, आणि पाणी ओतून विझत नाही. दिवा विझला. दुरुस्तीवाली पेटीजवळ बसली, पत्र्याला हात लावून पाहिला आणि पेटी लहान मुलासारखी उचलून सावलीत नेली. बराच वेळ तिने झाकण उघडलं नाही. पेटी निवाल्यावर उघडली. आत भोकं पडलेला एक गंजका डबा होता, आणि त्यात फडक्यात गुंडाळलेलं रीळ. धड होतं.

नातू एका खुर्चीत बसला. त्याने स्वतःच मोजे काढले. बोटांची टोकं हळदीसारखी पिवळी होती. त्याला लाज वाटत नव्हती, आणि आत्याबाईंना सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच आली.

“तुम्हाला कळलंय का, त्यात काय आहे ते?” त्याने विचारलं.

“तुमच्या तोंडून ऐकू दे.”

“आजोबांनी प्रेतं मिळवली होती. तेव्हा मिळायची. नटाच्या चेहऱ्यावर खरं मरण दिसत नाही, म्हणून नायकाचा चेहरा फक्त लांबून घ्यायचा होता. ती नटी शोधत शोधत येणार, एकेकाचं तोंड उलटून बघणार. आणि मधेच तिला तो दिसला. तिचा सख्खा भाऊ. कोणाला माहीत नव्हतं. ती ठरलेली जागा सोडून त्याच्यापाशी बसली. छायाचित्रकार थांबला, तर आजोबांनी त्याच्या कानात सांगितलं, फिरवत राहा. असा प्रसंग देव एकदाच देतो.” तो आत्याबाईंकडे जवळपास आपुलकीने वाकला. “आणि शंभर वर्षांनी तिची मुलगी तेच बघणार होती. पहिल्यांदा, सगळ्यांसमोर. मी स्टेजवरून सांगणार होतो, हा तुमचा मामा. तुम्हाला कल्पना आहे, त्या चेहऱ्यावर काय उमटलं असतं?”

कॅमेरावाला पाठीमागे उभा होता. त्याने मान खाली घातली. मग तिपाईवरचा कॅमेरा काढला, पिशवीत घातला आणि निघून गेला.

आत्याबाईंना ओकारी आवरेना. त्या बाहेर गेल्या, नळावर चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. मागून संचालक आले. म्हणत होते, रीळ तर मिळालं, आता तक्रार कशाला, देणगीदाराला दुखावून संस्थेचं काय भलं होणार.

“तुम्ही करू नका,” आत्याबाई तोंड पुसत म्हणाल्या. “ती पोरगी करेल. दान दिलेली वस्तू संस्थेची असते. चोरी ती चोरी. आणि माणसं काम करतात त्या सभागृहात पेटणारं रीळ आणून ठेवलं, ते वेगळं.”

दुरुस्तीवालीने तक्रार केली. समारंभ रद्द झाला. जी वाहिनी चमत्काराची वाट बघत होती, तिने नातवाची पिवळी बोटं दोन दिवस दाखवली. पुढच्या बैठकीत संचालकांनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला.

८

म्हातारीला सांगायचं काम आत्याबाईंनी कोणावर टाकलं नाही. सगळं सांगून होईपर्यंत म्हातारी हातातल्या चष्म्याची काडी उघडझाक करत राहिली.

“म्हणजे आईला माहीत होतं,” ती म्हणाली. “आजी दार उघडं टाकून बसायची, आणि आईला माहीत होतं.”

“कशी सांगणार? सांगायचं तर, तो मला सापडला आणि मी तिथे रडले आणि त्याचा चित्रपट झाला, हे सांगावं लागलं असतं.”

“मला बघायचं आहे.”

“बाई, नको.”

“तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या नाहीत. मला नको म्हणू नका.”

सकाळच्या उजेडात तिघी दुरुस्तीच्या टेबलाशी बसल्या. पडदा नाही, वाद्यं नाहीत. दुरुस्तीवाली रीळ हाताने सरकवत होती आणि म्हातारी भिंगातून बघत होती. आधी पाटी आली. जुन्या वळणाच्या अक्षरांत तिच्यावर लिहिलं होतं: “प्राणनाथा, पाहा, मी आले!” मग नायिकेचा चेहरा, अगदी जवळून. दुरुस्तीवालीने एकेक चित्र थांबत थांबत पुढे नेलं.

आत्याबाईंनीही वाकून पाहिलं. क्षणभर त्यांचे डोळे भरून आले आणि मनात आलं, काय रडतेय ही. आणि लगेच त्यांना स्वतःचाच वीट आला. एवढं माहीत असूनही त्या प्रेक्षक झाल्या होत्या.

“ओठ मिटत नाहीत,” म्हातारी म्हणाली.

“काय?”

“प्राणनाथा म्हणायला ओठ मिटावे लागतात. पाहा, मी, सगळ्यालाच. तिचे ओठ एकदाही मिटत नाहीत. जीभ दाताला लागते आणि तोंड उघडतं. पुन्हा जीभ, पुन्हा उघडतं.” तिने भिंगावरून डोळा न काढता स्वतःच्या तोंडाने ते करून पाहिलं. “दादा. ती दादा म्हणतेय. लोक तिला प्राणनाथा म्हणताना ऐकून घरी गेले.”

दुरुस्तीवाली हुंदका दाबत उठू लागली. म्हातारीने तिचा हात धरला.

“बस. अजून संपलं नाही. पुढे सरकव.”

पुढे मैदान होतं. म्हातारी एकेका चेहऱ्यापाशी थांबायला सांगत होती. एक मिशी न फुटलेला. एक तोंड उघडं पडलेला. माशी बसलेला तो. प्रत्येकाकडे ती ओळखीचं माणूस शोधावं तशी बघत होती.

“माझ्या मामाला तरी त्याच्या बहिणीने ओळखलं,” ती शेवटी म्हणाली. “हे कोण?”

आत्याबाईंना नातवाच्या कचेरीतली गोष्ट आठवली, पडद्याला जाऊन भिडलेली ती बाई. प्रभाव नव्हता तो. तिला तिचं माणूस दिसलं होतं, आणि म्हणूनच कंपनीने घाबरून चित्रपट उचलला होता.

“जाळून टाकायचं का?” दुरुस्तीवालीने विचारलं. “तुम्ही म्हणाल तसं. नोकरी गेली तरी चालेल.”

“एकदा त्यांना मैदानातून उचलून पळवलं,” म्हातारी म्हणाली. “आता आपणही त्यांना गायब करायचं?”

चित्रपट दाखवला गेला नाही. दुरुस्तीवालीने त्या चेहऱ्यांच्या मोठ्या छबी काढल्या आणि संग्रहालयाच्या लांब व्हरांड्यात डोळ्यांच्या उंचीवर लावल्या. प्रत्येक छबीखाली कोरा कागद. म्हातारीने पहिल्या दिवशी येऊन एका कागदावर मामाचं नाव लिहिलं. मग आत्याबाई रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसू लागल्या. बघे बरेच यायचे. कोणी फोटो काढायला लागलं, की आत्याबाई उठून समोर उभ्या राहायच्या.

एका सकाळी एक जोडपं आलं. बायको पुढे पुढे बघत निघाली होती. नवरा कंटाळून मागे रेंगाळत होता. एका छबीपाशी तो थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्याचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. छबीतल्या तरुणाचीही तशीच होती.

“आमच्या आजोबांचा धाकटा भाऊ...” तो म्हणाला. बायको मागे आली. तिने एकदा छबीकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं, आणि त्याचा दंड घट्ट धरला.

थोड्या वेळाने तो आत्याबाईंच्या खुर्चीपाशी आला.

“बाई, पेन्सिल मिळेल का?”

आत्याबाईंनी पेन्सिल दिली. तो परत गेला, कागदाला हात टेकला, आणि सावकाश, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत, नाव लिहू लागला.